होळकरांची ड्युसेनबर्ग आणि आमची हाय बोनेट जीप

परभणीहून बोलतोय. जिंतूर रोडला आमचं गॅरेज आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते चालवतात आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे या भागात मागून कधी पान्हा पडल्याचा किंवा ट्रॅक्टरचा आवाज आला, तर समजून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "दादा, घरी आजोबांच्या काळातली गाडी उभी आहे, ठेवावी का काढून टाकावी?" कुणाकडे राजदूत आहे, कुणाकडे येझदी, कुणाकडे जीप. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज एका फार मोठ्या गाडीची गोष्ट सांगतो. गाडी अमेरिकन, स्पोर्ट्स कार, जगात तशी एकच, आणि तिचा पहिला मालक मराठी माणूस. तिथून आपण आपल्या अंगणात येऊ.

गाडी कुठली?

गाडीचं नाव ड्युसेनबर्ग. नाव अवघड आहे, कारण ते जर्मन आडनाव आहे. फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनीत जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत आले. आधी सायकली, मग इंजिनं, मग रेसच्या गाड्या, असा त्यांचा प्रवास. १९२१ साली फ्रान्समध्ये ल मांला झालेली ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीनं जिंकली. अमेरिकेतली ती प्रसिद्ध ५०० मैलांची इंडियानापोलिसची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. म्हणजे भाऊ दुकानदार कमी आणि मिस्त्री जास्त होते. हिशेबात कच्चे होते. १९२६ ला एरेट कॉर्ड नावाच्या उद्योजकानं कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं, जगात कुणाकडे नसेल अशी गाडी बनव.

१९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती आली. मॉडेल जे. आता आकडे ऐका. इंजिन ६.९ लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आज शोरूममध्ये "डबल ओव्हरहेड कॅम, फोर व्हॉल्व्ह" असं सेल्समन जे अभिमानानं सांगतो ना, ते या गाडीत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी होतं. ताकद कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ हॉर्सपॉवर. १९३२ साली सुपरचार्जर लावलेलं मॉडेल आलं, ते एसजे. त्याची ताकद ३२० सांगितली जायची.

किंमत? नुसत्या चॅसीची ८,५०० डॉलर, नंतर ९,५००. त्याच काळात नवी फोर्ड सुमारे ५०० डॉलरला मिळायची. आणि नुसती चॅसी म्हणजे खरंच नुसती चॅसी : फ्रेम, इंजिन, चाकं, रेडिएटर, डॅशबोर्ड. बॉडी तुम्ही तुमच्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. आपल्याकडे ट्रकची चॅसी घेतात आणि बॉडी बिल्डरकडे नेतात, अगदी तसंच.

मला या गाडीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगाची नाही. डॅशबोर्डवर छोटे दिवे होते. ७०० मैल झाले की एक दिवा लागायचा : तेल बदला. १४०० मैलांना दुसरा : बॅटरीचं पाणी बघा. आणि दर ७५ मैलांना गाडी स्वतःच स्वतःच्या सांध्यांना तेल सोडायची. आपण ग्रीस पंप घेऊन गाडीखाली झोपतो, ते काम ती चालता चालता करायची. गाडी बनवणाऱ्याला माहीत होतं की घेणारा पैसेवाला आहे, पण लक्ष देणारा असेलच असं नाही.

अशा गाड्या सगळ्या मिळून जेमतेम ४८० च्या आसपास बनल्या. १९३२ ला फ्रेड स्वतः एसजे चालवत असताना अपघात झाला आणि त्यातूनच पुढे तो गेला. १९३७ ला कंपनी बंद पडली.

इंदूरचा मालक

आता आपला माणूस. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर. जन्म १९०८. होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभं केलं, अहिल्यादेवींनी ते नावारूपाला आणलं. आपल्या भागाचा त्यांच्याशी जवळचा संबंध आहे. औंढा नागनाथ, जे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, त्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी अहिल्यादेवींचं नाव आपल्याकडे सगळे जोडतात. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० ला पुन्हा उभं केलं. "जीर्णोद्धार" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच घराण्यातले यशवंतराव तरुणपणी युरोपात शिकले आणि तिथल्या नव्या कलेच्या प्रेमात पडले. त्यांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधला तो एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून. बाकीचे राजे सोन्याचे सिंहासन आणि झुंबरं करत होते, तेव्हा यांच्या घरात स्टीलच्या नळीच्या खुर्च्या होत्या. मॅन रे या फोटोग्राफरनं त्यांचे आणि महाराणी संयोगिताराणींचे फोटो काढले. संयोगिताराणी कागलच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडच्या.

या माणसानं ड्युसेनबर्गची एसजे चॅसी घेतली, तीही लांबातली लांब, आणि बॉडी बांधायला दिली लंडनच्या गर्नी नटिंगकडे. १९३५-३६ ची गोष्ट. साधारणपणे एवढ्या लांब चॅसीवर सात माणसांची लिमोझिन बांधतात. यांनी काय बांधून घेतलं? दोन माणसांची स्पीडस्टर! पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर जवळपास ३.९ मीटर. आपल्या गावातली स्विफ्ट बंपरपासून बंपरपर्यंत मोजली तरी साधारण तेवढीच भरते. म्हणजे यांच्या नुसत्या दोन चाकांच्या मधल्या जागेत एक स्विफ्ट, आणि बसणार दोनच माणसं. रंग केशरी आणि काळा. फोटो शोधून बघा. लांबच लांब बॉनेट, बाजूनं बाहेर आलेले एक्झॉस्टचे जाड पाइप, आणि मागचा भाग पाण्याच्या थेंबासारखा निमुळता. अशी दुसरी बनलीच नाही.

ती आज कुठे आहे?

इंदुरात नाही. भारतातच नाही. अमेरिकेत संग्राहकांकडे आहे. तिथल्या मोठ्या प्रदर्शनांत लोक तिच्याभोवती गर्दी करतात आणि तिला "इंदूरच्या महाराजांची गाडी" म्हणूनच ओळखतात.

माणिकबागेचंही तेच झालं. संस्थान १९४८ ला विलीन झालं. यशवंतराव १९६१ ला गेले. १९७१ ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजवाड्यातल्या त्या प्रसिद्ध खुर्च्या-टेबलांचा १९८० साली मोनॅकोमध्ये लिलाव झाला. राजवाड्यात केंद्र सरकारच्या करखात्याचं ऑफिस आलं. २०१९ ला पॅरिसमधल्या संग्रहालयानं या सगळ्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरवलं. पॅरिसमध्ये! इंदुरातल्या पोरानं आपल्याच गावची वस्तू बघायची तर पासपोर्ट काढायचा.

हे ऐकलं की पहिला राग येतो की लुटून नेलं. पण ते खरं नाही. विकत घेतलं. देशात त्या काळात अशा शेकडो गाड्या राजवाड्यांच्या गॅरेजमध्ये पडून होत्या. मालकाकडे पेट्रोलला पैसे नव्हते, पार्ट मिळत नव्हते, शिकलेला ड्रायव्हर म्हातारा झाला होता. व्यापारी आले, त्यांनी रोख मोजले आणि गाड्या बाहेर गेल्या. पुढे सरकारनं जुन्या गाड्या देशाबाहेर न्यायला बंधनं घातली, पण तोवर बरंच गेलं होतं.

आता उलट्या बाजूनं विचार करा. अमेरिकेत ती गाडी का टिकली? पैसा आहे, हे झालं एक कारण. पण नुसत्या पैशानं टिकत नाही. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्युसेनबर्ग या तीन गाड्यांच्या मालकांचा क्लब तिथे १९५२ साली सुरू झाला. तेव्हा या गाड्या "जुन्या पुराण्या" होत्या, कुणी विचारत नव्हतं. त्या लोकांनी काय केलं? प्रत्येक ड्युसेनबर्गचा इंजिन नंबर लिहून काढला. ही कुणी घेतली, मग कुणाला विकली, बॉडी कुणी बदलली, इंजिन कुठल्या गाडीतून कुठल्या गाडीत गेलं, सगळं. जुने मिस्त्री जिवंत होते तोवर त्यांना बोलतं केलं. इंडियाना राज्यातल्या ऑबर्न गावात कंपनीची जी जुनी शोरूम होती, तिथेच १९७४ ला संग्रहालय उघडलं. त्यामुळे आज एखादी ड्युसेनबर्ग समोर आली, तर तिची जन्मपत्रिका काढता येते.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याची होते, पण टिकते ती तीन गोष्टींवर : तिचे कागद, तिला ओळखणारे हात, आणि तिचं चालत राहणं. होळकरांच्या गाडीला तिसरं-चौथं घर मिळालं तिथे या तीनही गोष्टी होत्या. आपल्याकडे मालकी होती, या गोष्टी नव्हत्या.

स्पोर्ट्स कारची चुलत बहीण

तुम्ही म्हणाल, राजाची गाडी ठीक आहे, आमचा काय संबंध? आहे. ऐका.

१९५३ साली अमेरिकेत कायझर नावाच्या कंपनीनं जीप बनवणारी विलीज कंपनी विकत घेतली. पुढच्या वर्षी कायझरनं एक स्पोर्ट्स कार काढली, कायझर डॅरिन. फायबरग्लासची बॉडी, आणि दरवाजे कसे? उघडायचे नाहीत, पुढच्या मडगार्डमध्ये सरकायचे! घरातल्या सरकत्या खिडकीसारखे. फक्त ४३५ बनल्या. आज अतिशय दुर्मिळ. आणि त्या गाडीत इंजिन कुठलं होतं? विलीजचं, सहा सिलिंडरचं एफ-हेड.

एफ-हेड म्हणजे काय? इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्याच पद्धतीचं चार सिलिंडरचं इंजिन विलीजनं जीपमध्ये टाकलं. ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट उंच केलं. ती सीजे-३बी. आपण तिला म्हणतो हाय बोनेट!

महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला १९४७ पासून सुरुवात केली. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे मात्र तिची पिढी पुढे कितीतरी वर्षं चालली. तेव्हा गावातली ती पत्र्याची जीप म्हणजे कायझर डॅरिनची चुलत बहीण आहे. एक समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेली, दुसरी आपल्याकडे काळ्या मातीत आली. ड्युसेनबर्ग परत येणार नाही, पण ही अजून आपल्या हातात आहे.

आमच्या घरची गाडी

आमच्याकडे एक आहे. १९६८ चं मॉडेल, पेट्रोल. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची कामं चालू होती तेव्हा एका कंत्राटदाराकडे होती, त्याच्याकडून आजोबांनी घेतली. तिच्यातून कापूस गेला, बी-बियाणं आलं, दोन-तीन बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, माझ्या आत्याची वरात निघाली. आजोबा गेल्यावर कागद अण्णांच्या नावावर झाले. पण शेताची वाटणी झाली, घराची झाली, जीप तेवढी दोघा भावांत सामाईक राहिली.

काका नांदेडला असतात. या उन्हाळ्यात ते म्हणाले, विकून टाकू. एक जण तयार आहे. घेणारा शहरातला. तो तिची बॉडी कापणार, मोठे टायर टाकणार, डिझेल इंजिन बसवणार आणि इन्स्टासारखी "मॉडिफाय" करून विकणार. दुसरीकडे भंगारवालाही येऊन गेला, तो किलोवर बोलतो. जीप हजार किलोच्या आसपास, हिशेब सोपा आहे.

काकांना वाईट समजू नका. त्यांचा मुद्दा बरोबर आहे. ते अण्णांना म्हणाले, "दादा, ती वर्षातून दोनदा चालती. दसऱ्याला हार घालता अन् परत ताडपत्री टाकता. बसून सडणार असंल तर कुणाच्या तरी उपयोगाला येऊ द्या." अण्णा काही बोलले नाहीत. काकांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. दसऱ्याला जीप स्वतःच्या ताकदीवर नांदेडला काकांच्या दारात यायला पाहिजे, कागद पूर्ण पाहिजेत, तर ठेवायची. नाही तर विकायची. परभणी ते नांदेड, आजकालच्या गाडीला दीड तासाचं काम. हिला अख्खी सकाळ धरा.

परभणीत जुनी गाडी जगवायची कशी

तेव्हापासून आम्ही कामाला लागलोय. जे करतोय ते सांगतो, तुमच्या राजदूतला, येझदीलाही यातलं बरंच लागू पडेल.

पहिलं, पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या पोटात बसतो. मे महिन्यात ४४-४५ अंशाला गाडी तापते आणि लोक म्हणतात, जुनं इंजिन आहे, तापणारच. इंजिनचा दोष नसतो, पाण्याचा असतो. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट टाका. बोअरचं पाणी पुन्हा टाकायचं नाही.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल आपल्याच उसाचं, त्याबद्दल तक्रार नाही, पण १९६८ च्या रबराला ते माहीत नव्हतं. फ्युएल पंपाचा डायफ्राम, नळ्या, कार्ब्युरेटरचे गॅस्केट फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, मग टाकी आतून गंजते. म्हणून नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सहन करणारे टाका. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर आणि टाकी रिकामी करा. आणि पेट्रोलची नळी जुनी असेल तर आधी ती बदला, बाकीचं नंतर. चिरलेली नळी आणि गरम एक्झॉस्ट शेजारी शेजारी असतात, गाडी पेटायला एवढं पुरतं.

तिसरं, उंदीर. हसू नका. आपल्याकडे गाडी जिथे उभी असते तिथेच सरकी, ज्वारी, सोयाबीनची पोती असतात. उंदीर आधी वायरिंग खातो. जुन्या वायरला कापडाचं वेष्टण असतं, ते तर त्याला घर बांधायला बरं पडतं. जागा वेगळी करा, आठवड्याला बॉनेट उघडून बघा.

चौथं, टायर. हाय बोनेटला ६.००-१६ साइज लागते. हीच साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला असते, म्हणून काही जण ट्रॅक्टरचाच टायर चढवतात. चढवू नका. तो शेतासाठी आणि कमी वेगासाठी असतो, डांबरी रस्त्यावर ब्रेकला धरत नाही. जीपचाच घ्या. आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर चॅसीखाली ठोकळे लावून चाकांवरचा भार काढा.

पाचवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : गाडी चालवा. बरेच जण महिन्यातून एकदा चालू करतात, पाच मिनिटं जागेवर धुरधुर करतात आणि बंद करतात. त्यानं उलट नुकसान होतं. इंजिन पूर्ण गरम होत नाही, पाण्याची वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये तशीच राहते, गंज आतून लागतो. पंधरा दिवसांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. गिअर, ब्रेक, स्टीअरिंग, सगळ्यांना काम मिळू द्या. आम्ही दर दुसऱ्या रविवारी झरीपर्यंत जाऊन येतो.

आणि रंग. इथे तो जीर्णोद्धार शब्द आठवा. पडलेलं देऊळ पुन्हा उभं करावं लागतं, ते बरोबरच. पण उभं असलेलं देऊळ ऑइलपेंट मारून चकचकीत केलं तर काय होतं, ते आपण गावोगाव बघतो. खालचं कोरीवकाम बुजून जातं. गाडीचंही तसंच आहे. जिथे पत्रा खाल्लाय तिथे बदला. जिथे नुसता रंग फिका पडलाय तिथे हात लावू नका. आमच्या जीपच्या डाव्या बाजूला कंत्राटदाराच्या काळातल्या रंगात लिहिलेला नंबर अजून अर्धवट दिसतो. पेंटर म्हणाला, घासून टाकतो. अण्णांनी नाही म्हणून सांगितलं. नवा रंग कधीही मारता येतो, जुना एकदाच मिळतो.

कागदांचं काय

आता कागद, कारण गॅरेजमध्ये येणाऱ्या निम्म्या जुन्या गाड्या इथेच अडकतात. गाडी चांगली असते, आरसी बुक पणजोबाच्या नावावर असतं. नियम असा आहे की मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि गाडी वारसाच्या नावावर करायला तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा. घरात कुणी गेल्यावर सात-बारा सगळ्यांना आठवतो, आरसी कुणाला आठवत नाही. ते आठवून द्यायचं काम तुमचं, कारण मोबाईलवर फॉर्म शोधणारे घरात तुम्हीच आहात.

साध्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. यात एक दुसरा रस्ता आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे. पहिल्यांदा नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा करायला ५,०००. नोंदणी १० वर्षांची, नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, आणि आधी नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

ऐकायला भारी वाटतं, पण अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोज वापरता येत नाही, भाड्याला लावता येत नाही. रॅली, प्रदर्शन, अभ्यास, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. होळकरांच्या ड्युसेनबर्गसारखी गाडी असती तर मी डोळे झाकून हाच रस्ता धरला असता. पण आमची जीप शेतावर जाते, ते तिचं काम आहे. म्हणून आम्ही साधीच नोंदणी वाढवतोय. तपासणीसाठी ब्रेक नव्यानं केले, इंडिकेटर लावले, हेडलाइट सरळ केले. तुमची गाडी रस्त्यावर राहणार का हॉलमध्ये, हे आधी ठरवा आणि मग फॉर्म भरा.

आणि मॉडिफिकेशनवाल्यांसाठी : सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कंपनीनं जशी गाडी बनवली त्यापेक्षा वेगळी रचना करता येत नाही. बॉडी कापलेली जीप रीलमध्ये छान दिसते, रस्त्यावर अडवली की कागद जुळत नाहीत. आणि कापलेली हाय बोनेट परत हाय बोनेट होत नाही.

तुमच्यासाठी काम

आता तुम्हाला एक काम देतो. फोन हातात आहेच. घरी, मामाकडे, शेजारी, कुणाकडेही जुनी गाडी असेल, दुचाकी-चारचाकी कुठलीही, तिच्याजवळ जा. चॅसी नंबरचा फोटो काढा. इंजिन नंबरचा काढा. आरसीचा, जुन्या पावत्यांचा काढा. मग गाडी ज्यांनी चालवली त्या आजोबांना, मिस्त्रीकाकांना समोर बसवा आणि रेकॉर्डर चालू करा. गाडी कुणाकडून घेतली, केवढ्याला घेतली, इंजिन कधी खोललं, चोक किती ओढला की चालू होते, एवढं विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे. १९५२ ला अमेरिकेत त्या क्लबच्या लोकांनी वही-पेन घेऊन हेच केलं होतं. गाडी उद्या विकली गेली तरी तिची पत्रिका घरात राहील, आणि घेणाऱ्याला कळेल की हे भंगार नाही.

मी अण्णांचं रेकॉर्डिंग केलं. दीड तास बोलले. आमच्या जीपचा कार्ब्युरेटर १९८६ ला बदललाय आणि जुना अजून माळ्यावर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. काढला, साफ केला, पार्ट चांगले निघाले. रेकॉर्डिंग काकांनाही पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात विकण्याचा विषय नव्हता. एवढंच होतं : "आत्याच्या वरातीत क्लच मी जाळला होता, ते दादानं सांगितलं नाही वाटतं."

मुदत मात्र तशीच आहे. दसऱ्याला नांदेड. पोचलो तर सांगीन, नाही पोचलो तरी सांगीन.

तुमच्याकडे कुठली गाडी आहे ते खाली लिहा. शक्यतो वर्ष आणि मॉडेल टाका, मालकाचा पत्ता-नंबर टाकू नका. पुढच्या भागात पॉइंट आणि कंडेन्सरवाली इग्निशन घरच्या घरी कशी सेट करायची ते सांगतो. तोवर तेल बघा, पाणी बघा, हवा बघा. भेटूच!